साहेबांचा शब्द, ताईचे हात

ताईला गप्पा मारायला आवडत नाही. जिने जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेलं, तिला घरी आल्यावर तोंड उघडायचा कंटाळा येणारच. मी तिची कामातली जोडीदारीण. आमच्या दोघींत बडबडी मी, चिडकीही मीच. म्हणून हे मी सांगते आहे, कारण ती कधी सांगणार नाही.

आमचं काम दुभाष्याचं. बहिऱ्या माणसांना बोललेलं हातांनी सांगायचं आणि त्यांनी हातांनी सांगितलेलं तोंडाने बोलायचं. कोर्ट, दवाखाना, बँक, शाळेतली पालकसभा, कधी भावाभावांतली घराची वाटणी. हे काम जोडीनेच करावं लागतं. वीसेक मिनिटं सलग हात चालवले की डोकं शिणतं आणि शब्द गळायला लागतात, मग दुसरीने उठायचं. जी बसलेली असते तिलाही सुटका नसते. ती समोरच्या खुर्चीवरून लक्ष ठेवते आणि उभी असलेली अडखळली की मांडीवरच्या मांडीवर बोटांनी हळूच शब्द पुरवते. कपडे गडद आणि एकरंगी घालायचे. अंगठी नाही, घड्याळ नाही, नखांना रंग नाही. लोकांना हात दिसले पाहिजेत, बाई दिसता कामा नये.

बोलणारा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’च म्हणायचं. चोर बोलत असेल तर तेवढा वेळ आम्ही चोर. पदरचा शब्द घालायचा नाही आणि ऐकलेला शब्द गाळायचा नाही. शिवी आली तर शिवीच द्यायची. मी हे वर्गात बसून शिकले, परीक्षा देऊन पास झाले, त्यामुळे माझे हात पुस्तकी आहेत. ताई म्हणते, तू हातांनी बातम्या वाचतेस. ती मात्र पाळण्यातच हे शिकली. तिचे आईवडील दोघेही बहिरे होते. वडील पुस्तकं बांधायचे, आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. घरात ऐकू येणारी ही एकटीच, त्यामुळे शाळेत जायच्या आधीपासून घरमालकाशी, दुकानदाराशी आणि वीजबिलाच्या खिडकीशी बोलायचं काम हिच्याकडे. पुढे आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही. हे आईला सांगायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते ताईने सांगितलं. तेव्हा ती अजून दोन वेण्या घालत होती. मी एकदा तिला विचारलं, तू थोडं सौम्य करून का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “आई माझ्याकडे बघत होती. खोटं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं.”

तिच्या पाठचा एक भाऊ आहे. सगळे त्याला धाकटाच म्हणतात, आता केस पिकले तरी. तो जन्मापासून बहिरा आहे. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तो कामाला आहे आणि शहरातल्या कित्येक म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे. स्वभावाने ताईच्या अगदी उलट, थट्टेखोर, घटकेत रुसणारा आणि घटकेत हसणारा. तो एका माणसाबरोबर राहतो. तो माणूस मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरी धुतो. त्याला ऐकू येतं, पण धाकट्यासाठी तो हातांची भाषा शिकला. अजूनही ती भाषा तो तोतरी बोलतो. ताईकडे त्याला ‘लॉन्ड्रीवाला’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडतं.

त्या दोघांचं नातं धाकट्याने ताईला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तो भांडी घासत होता. घासता घासता वळला आणि फेसाने भरलेल्या हातांनी सगळं सांगून टाकलं. फेस भिंतीवर उडाला. ताईने शांतपणे त्याच्याकडे फडकं फेकलं आणि म्हणाली, “आधी हात पूस. अर्धं दिसलंच नाही.” त्याने हात पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, “बरं. त्याला रविवारी जेवायला आण.” बास, त्या घरात ह्या विषयावर झालेली सगळी चर्चा एवढीच.

पुढे लॉन्ड्रीवाल्याच्या हृदयाची झडप बिघडली. तो आज बरा आहे, पुन्हा चादरी धुतो, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून वाचाल. पण पहिल्यांदा तो कामावर चक्कर येऊन पडला तेव्हा त्याला तसाच उचलून वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. धाकटा धावत पोचला. दारावर विचारलं, नातं काय? त्याने कागदावर लिहून दाखवलं, आम्ही एका घरात राहतो. दारावरच्या माणसाने मान हलवली आणि बाकाकडे बोट दाखवलं. आतबाहेर करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, त्यामुळे ओठांवरूनही काही कळेना. धाकटा दिवसभर त्या बाकावर बसून होता आणि आत माणूस जिवंत आहे की नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही. आम्ही दोघी परगावी कोर्टाच्या कामावर होतो. संध्याकाळी ताई पोचली तेव्हा तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, काही महिन्यांत. सही रक्ताच्या नातेवाइकाची लागेल. लॉन्ड्रीवाल्याचा एकच थोरला भाऊ आहे, दुसऱ्या गावात, आणि त्याने ह्याचं तोंड पाहणं कधीच सोडून दिलं होतं.

नेमकी तेव्हाच विधानसभेची निवडणूक लागली. आधीच्या सभागृहात एक विधेयक अडकून पडलं होतं. लोक त्याला ‘सोबती विधेयक’ म्हणत. कुठल्याही दोन सज्ञान माणसांनी एकमेकांचे सोबती म्हणून नाव नोंदवायचं. मग एकाच्या आजारपणात दुसऱ्याने सही करायची, आत त्याच्या उशाशी बसायचं, आणि एक गेला तर दुसऱ्याला घरातून कुणी काढायचं नाही. धाकट्याला एवढंच हवं होतं. त्याला मिरवणूक नको होती, भाषण नको होतं. त्याला आतली खुर्ची हवी होती.

आमच्या भागातून उभे राहिलेले उमेदवार वकील होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मोकळ्या विचारांचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि मलाही ते आवडायचे, खोटं कशाला बोलू. समोरचा उमेदवार असल्या विधेयकाची होळी करू म्हणणारा होता. साहेबांनी ठरवलं की आपल्या प्रत्येक सभेत व्यासपीठावर दुभाषी असेल. हेतू चांगला होता, आणि फोटोतही छान दिसायचं. त्यांनी ताईला बोलावलं आणि ताईबरोबर मी आलेच.

काम घेण्याआधी ताईने एक गोष्ट केली. आमच्या पेशात नियम आहे, जो विषय आपल्या घरचा असेल तो काम देणाऱ्याला आधी सांगायचा. तिने धाकट्याला विचारलं, सांगू का? तो म्हणाला, नियम आहे तर सांग. मग ती साहेबांच्या सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे दोन फोन आणि अर्धवट झोप घेऊन फिरणारी एक तरुण मुलगी.

ताई म्हणाली, “सोबती विधेयकावर साहेब बोलणार असतील तर तुम्हाला आधीच सांगते. माझ्या भावाचा प्रश्न आहे तो. चालत नसेल तर दुसरी दुभाषी बघा.”

“अहो, उलट छानच की. तुम्ही मनापासून कराल.”

“मनापासून करायचं नसतं हो हे काम. तेच सांगायला आलेय.”

मुलगी गोड हसली आणि एका फोनवर काहीतरी टिपून घेतलं. मी ताईला बाहेर आल्यावर म्हटलं, तुला कुणी विचारलं होतं का? तुझ्यासारखी सरळ बाई निवडणुकीत म्हणजे मांजरांच्या घरात दुधाचं भांडं. ती म्हणाली, “नियम आहे.” ह्या दोन शब्दांवर तिने आयुष्य काढलंय, आणि मी त्या दोन शब्दांवर कित्येकदा डोकं आपटलंय.

पहिली सभा बहिऱ्यांच्या संस्थेत झाली. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, दोन ट्यूबलाइट. साहेबांच्या माणसांनी खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. लोकांनी आल्या आल्या त्या उचलून अर्धवर्तुळात लावल्या, कारण सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला हवेत. साहेब लोकांकडे न बघता ताईकडे बघून बोलू लागले, “ह्यांना सांगा की मला इथे येऊन आनंद झाला.” ताईने हातांनी तेच सांगितलं, ‘ह्यांना सांगा की’सकट. खोली हसली. साहेबही हसले, चुकलो म्हणाले आणि लोकांकडे तोंड वळवलं. पुढचं भाषण खरोखर चांगलं झालं.

ते म्हणाले, “मी निवडून आलो तर सोबती विधेयकाच्या बाजूने मत देईन. समलिंगी आहे म्हणून कुणाला भाड्याचं घर नाकारता येणार नाही, असा कायदा आणायला लावीन. पोरांना ‘बरं’ करतो सांगून त्यांचे हाल करणारे दवाखाने बंद करीन. पारलिंगी माणसाला स्वतःच्या कागदावर स्वतःचं नाव लावून घ्यायला उंबरे झिजवावे लागणार नाहीत. आणि हे मी इथे एक आणि बाहेर एक असं बोलणार नाही.”

बहिरे लोक टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून हलवतात. सगळी खोली हलत होती. धाकटा पहिल्या रांगेत होता, शेजारी लॉन्ड्रीवाला. धाकट्याने दोन्ही हात इतके उंच केले की ट्यूबलाइटला लागतील असं वाटलं. संस्थेचा सेक्रेटरी एक बहिरा शिंपी आहे, हिशेबी माणूस. त्याने तिथेच सांगितलं की सगळी मतं साहेबांना.

त्यानंतर आम्ही गावभर फिरलो. दुकानदारांच्या सभेत साहेब म्हणाले, विधेयकाचा नीट अभ्यास व्हायला हवा. शाळेच्या मैदानावर आयाबाया जमल्या होत्या, तिथे म्हणाले, मुलांच्या मनावर काय परिणाम होईल हेही बघितलं पाहिजे. भाड्याच्या घरांच्या कायद्याचं बोलणं सगळ्यात आधी बारगळलं, कारण घरमालक नाराज झाले. त्या दवाखान्यांबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. शेवटी शेवटी विधेयकाचा प्रश्न आला की साहेब म्हणायचे, आधी रस्ते, आधी पाणी. प्रत्येक वेळी थोडंसंच सरकायचे. एका सभेत काही कळू नये, सगळ्या सभा पाहणाऱ्यालाच कळावं. आणि सगळ्या सभा पाहणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

आम्ही दोघी आणि धाकटा. पहिल्या सभेची कुणी काढली नव्हती, पण त्यानंतर सभांची चित्रफीत रोज फोनवर यायची, कोपऱ्यात एका गोलात ताईचे हात असायचे. धाकटा जेवताना ती बघायचा. एकदा त्याने ताईला लिहून पाठवलं, “आज तुझ्या हातून मला रस्ते आणि पाणी मिळालं. आभारी आहे.” तिने मला ते दाखवलं आणि फोन पर्समध्ये टाकला. त्या दिवसांत तिचा उजवा खांदा इतका दुखायचा की केस विंचरताना हात वर जायचा नाही. मी म्हटलं, सोड हे काम. तुझ्याच भावाचा गळा कापला जातोय आणि तोही तुझ्या हातून. ती म्हणाली, “मी सोडलं तर दुभाष्यांतली ती नवी पोरगी येईल. ती गोड करून सांगते. मग ह्या लोकांना कळणारच नाही ना, साहेब सरकतायत ते.” ह्यावर मी चिडले.

प्रचाराची शेवटची सभा पुन्हा संस्थेच्याच खोलीत होती. आता खोलीत नुसते संस्थेचे लोक नव्हते. मागे साहेबांचे कार्यकर्ते होते, दुकानदार होते, चित्रफीत काढणारे होते. ताई नुकतीच हात चालवायला उभी राहिली होती. मी समोर बसले होते. शिंपी उठला, पाय जमिनीवर आपटून सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि हातांनी विचारलं. ताईने ते तोंडाने बोलून दाखवलं, “तुम्ही पहिल्या सभेत म्हणालात की विधेयकाला मत देईन. नंतर आम्ही वेगळं पाहिलं. त्यातलं खरं कुठलं?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या लोकांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “हे बघा, मी असं आश्वासन दिलेलंच नाही. मी म्हणालो होतो, विचार करू. आता माझं बोलणं तुमच्यापर्यंत कसं पोचलं, हे मी कसं सांगणार? दुभाषी बाईंनी त्यात आपल्या मनचं घातलं असेल. त्यांच्या स्वतःच्या घरात तसलं कुणीतरी आहे, त्यांनीच आमच्या ऑफिसात सांगितलंय. माणूस म्हणून मी समजू शकतो.”

मी उठलेच होते. हात पुढे केला, म्हणजे मी घेते, तू बस. ताईने मान हलवली, नाही. आणि तिने ते सगळं सांगितलं. बोलणारा ‘मी’ म्हणाला होता म्हणून तीही ‘मी’ म्हणाली. मी आश्वासन दिलेलं नाही. दुभाषीने आपल्या मनचं घातलं असेल. ‘तसलं’ ह्या शब्दासाठी आमच्याकडे एक जुनी खूण आहे, घाणेरडी, चांगली माणसं ती आता वापरत नाहीत. साहेबांनी शब्द घाणेरडा वापरला होता, म्हणून तिने ती खूण केली. स्वतःच्या भावाबद्दल, त्याच्या डोळ्यांसमोर. मला त्या क्षणी साहेबांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

धाकटा उभा राहिला. आता तो हातांनी बोलणार होता आणि ते ताईलाच तोंडाने बोलायचं होतं, तोच ‘मी’ लावून.

ताई बोलू लागली, “त्या घरातलं तसलं कुणीतरी, तो मी. मी कवळ्या बनवतो. माझा सोबती हा इथे माझ्या शेजारी बसलाय. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझी बहीण मनचं घालते म्हणता? लहानपणी शाळेत मास्तर मला मठ्ठ म्हणाले, तेसुद्धा तिने मला जसंच्या तसं सांगितलं होतं. मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तिने माझ्यासाठीही आजवर एक शब्द कमीजास्त केलेला नाही.” धाकटा साहेबांकडे एक पाऊल पुढे गेला, ताई बोलत राहिली. “मला एवढंच सांगा. ते विधेयक आलं तर तुम्ही हात वर करणार की नाही?”

साहेब म्हणाले, “मी तुमच्या भावना समजू शकतो. वेळ फार झाली आहे.” ताईने तेही सांगितलं. खोलीत एकही हात हलला नाही. साहेब जिना उतरताना त्यांची ती तरुण सेक्रेटरी ताईसमोर थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग तिचा एक फोन वाजला आणि ती गेली.

बाहेर आल्यावर मी ताईला धरलं. “का नाही घेऊ दिलंस मला? का नाही गाळलंस ते?”

“गाळलं असतं तर ते खरे ठरले असते,” ती म्हणाली. “चल, मला झोप आलीय.”

तुम्हाला वाटेल, लोकांनी ताईचीच बाजू घेतली असेल. अर्ध्यांनी घेतली. उरलेल्यांनी जन्मभर ऐकू येणाऱ्या माणसांकडून इतकं फसवून घेतलं होतं की दुभाषीने फसवलं हे त्यांना सहज पटलं. ज्या बायकांच्या बाळंतपणात ताई रात्ररात्र उभी होती, त्यांतल्या दोघीतिघी आता मला बोलावू लागल्या. शिंपी रस्त्यात भेटला की तिची नजर चुकवायचा. बहिऱ्या माणसाने नजर चुकवली म्हणजे त्याने कान बंद केले असं समजायचं. ताई म्हणाली, कामं कमी झाली तर खांद्याला बरं. पण तिचा चेहरा उतरला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

साहेब थोडक्यात निवडून आले. सोबती विधेयक एका समितीकडे गेलं. समितीत साहेब होते.

ऑपरेशनची तारीख आली. आदल्या दिवशी ताई मला म्हणाली, “उद्या दुभाषी तू. मी बहीण म्हणून येणार आहे. मला एक दिवस नुसतं बसायचंय.” दुसऱ्या दिवशी ती फुलाफुलांचा ड्रेस घालून आली. तिला तसं पाहून मला चमत्कारिक वाटलं, कुणी दुसरीच बाई असावी तशी.

थोरला भाऊ आला होता. कसा आला, कुणी पाया पडून आणला, ते मी विचारलं नाही. डॉक्टरांच्या छोट्या खोलीत आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते आणि आमच्याहून दमलेले होते. त्यांनी धाकट्याकडे बघून विचारलं, “हे कोण?”

थोरला म्हणाला, “खोलीत राहतो. भाडं निम्मं निम्मं करतात दोघं.”

मी हातांनी सांगितलं, भाडं निम्मं निम्मं. धाकट्याने माझ्याकडून नजर काढून जमिनीवर लावली. ताईचे हात मांडीवर पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, सही ह्या भावाची, आणि नंतर आत बसायला एकालाच सोडू, नातेवाइकालाच. थोरल्याने न वाचता सही केली आणि शेवटची बस किती वाजता असते ते विचारलं.

लॉन्ड्रीवाल्याला नेताना धाकट्याला त्याचा हात धरू दिला, दारापर्यंत. लॉन्ड्रीवाला आपल्या तोतऱ्या बोटांनी काहीतरी म्हणाला. ते दोघांतलं होतं, म्हणून मी बघितलं नाही.

मग आम्ही बाकावर बसलो. दुपार सरली. ऑपरेशन केव्हातरी संपलं असावं, कारण थोरल्याला आत बोलावलं, तो आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला. आमच्यासमोरून सरळ जिन्याकडे गेला. मी मागे धावले, विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, “माझी बस आहे,” आणि उतरून गेला. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातांनी सांगितलं, त्याची बस आहे.

बऱ्याच वेळाने दार उघडून एक नर्स डोकावली. मास्क लावलेला. तिने बाकावर नजर फिरवली.

“झडपेच्या पेशंटचे नातेवाईक?”

“ते गेले,” मी म्हटलं.

“अरे देवा. मग त्यांचं कुणीच नाही का इथे?” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काय म्हणाली? मी हात उचलले. इतकी वर्षं ताईच्या नियमांवर वैतागले, पण आता माझेही हात त्याच वळणाचे झालेत, ते निघालेच होते ते वाक्य सांगायला. त्यांचं कुणीच नाही का इथे. तेवढ्यात ताईने माझं मनगट पकडलं आणि खाली दाबून ठेवलं. मग ती उठली आणि भावासमोर उभी राहिली.

“ती म्हणाली, ऑपरेशन नीट झालं,” तिने हातांनी सांगितलं. “तो शुद्धीवर आलाय. पहिल्यांदा तुझंच विचारलं. त्याला सांगितलंय, तू दारातच आहेस म्हणून.”

धाकट्याने बहिणीच्या हातांकडे पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. मग तो बाकावर बसला आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकली. ताईचे हात खोटं सांगतील हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.